फोनला लावलेलं कुंकू

दसऱ्याला मी घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला हळद-कुंकू लावते. विळी, मिक्सर, घरघंटी, मोदकपात्र, शिलाईचं मशीन, गॅसची शेगडी. शेगडीला जरा जास्तच, कारण माझं सगळं तिच्यावर चालतं. वर्षभर जी वस्तू आपल्यासाठी राबते तिला एक दिवस हात जोडायचे, एवढंच त्यात आहे. त्या दिवशी रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, इस्त्रीवाला इस्त्रीला घालतो, दुसऱ्या दिवशी बँकेतसुद्धा कॉम्प्युटरवर झेंडू दिसतो. आमचे हे गेले त्या वर्षी दोन-चार बायका म्हणाल्या की आता तू करंड्याला हात लावू नकोस, सुनेला लावू दे. मी म्हटलं, नवरा माझा गेला, शेगडीचा नाही. तेव्हापासून कोणी काही बोललं नाही.

तर त्या दसऱ्याला मी माझ्या नव्या फोनलाही कुंकू लावलं. आणि त्या एका टिकलीएवढ्या कुंकवावरून एवढी मोठी कंपनी माझ्याशी भांडायला उभी राहिली.

आधी ‘नवा’ म्हणजे काय ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी एका फोनसाठी किती तणतणली.

मी घरातली चौथी मुलगी. माझ्या अंगावर आलेला प्रत्येक परकर आधी तीन बहिणींच्या अंगावरून आलेला. तो माझ्यापर्यंत यायचा तेव्हा त्याचा मूळ रंग कोणता यावरून आमच्यात वाद व्हायचे. लग्न करून लालबागच्या खोलीत आले, तिथे कुकर जावेचा, कपाट सोडून गेलेल्या भाडेकरूचं. यांची गिरणी बंद पडली, आम्ही बोरिवलीला आलो, तर इथला पंखासुद्धा आधीचे लोक ठेवून गेले होते. तो अजून फिरतो, खोटं कशाला बोलू. मग मुलगा कमवायला लागला. त्याला फोन बदलायची हौस. नवा आला की जुना माझ्या हातात. म्हणायचा, आई, एकदम झकास चालतो. चालायचाही. पण मी ‘वडे’ लिहायला गेले की फोन आपणहून त्याच्या ऑफिसातले शब्द पुढे करायचा. माझ्या हातात असून तो फोन त्याचाच होता.

जुन्या वस्तूला मी नावं ठेवत नाही. तिच्यावरच वाढले. पण एकदा तरी असं वाटतं की नाही, की या वस्तूला पहिला हात माझा लागावा?

माझं काम म्हणाल तर मालवणी वडे, घावणे, आणि गणपतीत उकडीचे मोदक. ऑर्डर सगळ्या फोनवर. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, बाकीचं वाचन मुलाच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकले, त्याच्या आधी त्याचे धडे माझे पाठ व्हायचे. लिहायला मला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाइकं बोलून मेसेज पाठवतात आणि मीही बोलूनच उत्तर देते. एकदा गणपतीत मोदकांचा धंदा असा काही झाला की विसर्जन आटोपल्यावर मी उठले, पदर खोचला, आणि स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन फोन घेतला. कोणाला विचारलं नाही, सोबत कोणाला नेलं नाही. दुकानदार डब्याचं सील कापायला कटर घेऊन आला. त्याला म्हटलं, थांब रे, मी फोडते. तो हसला. हसू दे. काचेवरची ती पातळ पापुद्र्यासारखी पट्टी मी घरी येऊन सावकाश काढली. सून बघत होती, म्हणाली, आई, तुम्ही तर केळीच्या पानावरून मोदक सोडवावा तशी काढताय.

नवरात्र लागलं आणि फोनने रंग दाखवला. बोलता बोलता काच काळी पडायची आणि फोन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. समोरची बाई सांगतेय, रविवारी पाहुणे आहेत, वडे एवढे, चटणी एवढी, आणि मध्येच सगळं गप्प. मी परत फोन लावला की ती तुटक. एकीने तर तोंडावर विचारलं, मावशी, मी बोलत असताना तुम्ही फोन आपटलात का? आता काय सांगणार. वड्याला नाव मिळायला वर्षं लागतात आणि बाईला माज आलाय हे पसरायला एक दुपार पुरते.

मी बसने सर्व्हिस सेंटरला गेले. पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, टोकन घ्यायचं, आणि एसी असा की शाल आणायला हवी होती. काउंटरवरची मुलगी आपलीच, मराठी बोलणारी. मला बघून तिने खुर्ची दाखवली, फोन आत पाठवला, आणि म्हणाली की सॉफ्टवेअर नवीन टाकलंय, आता त्रास होणार नाही. एक कागद दिला, त्यावर माझी तक्रार लिहिली होती: स्क्रीन काळी होते, फोन आपोआप बंद-चालू होतो. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. मला कागद टाकवत नाहीत, दुधाची पिशवीसुद्धा धुऊन ठेवणारी मी.

काही दिवस फोन शहाण्यासारखा वागला. दसरा आला. पाटावर सगळ्या वस्तू मांडल्या, फोन मध्ये ठेवला, आणि जिथे माणसाचं कपाळ असावं तिथे, वरच्या बाजूला, आधी हळद, मग कुंकू, मग एक झेंडूची पाकळी. मुलगा ऑफिसला निघाला होता, जाता जाता म्हणाला, आई, त्याला नैवेद्य पण दाखव, चार्ज होईल. मी म्हटलं, तुझ्या जिभेला पण लावते थांब.

आणि दसऱ्याचं सोनं वाटून होतंय न होतंय तोच फोन परत काळा.

पुन्हा बस, पुन्हा तोच पहिला मजला, तेच टोकन. या वेळी फोन आत गेला तो बराच वेळ आला नाही. मग त्या मुलीने मला नाही, आतल्या साहेबाला बोलावलं. साहेब म्हणजे तिथला मॅनेजर, माझ्या मुलापेक्षाही लहान असेल, टाय लावलेला, आवाज अगदी गोड. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यावर माझ्या फोनचा मोठा करून काढलेला फोटो. कानाला लावायची जी बारीक जाळी असते, तिच्यात लाल-पिवळी पूड.

म्हणाला, “आजी, हे फॉरेन मटेरियल आहे. आत गेलंय. यात वॉरंटी बसत नाही.”

मी चष्मा सारखा केला. “फॉरेन कुठलं, बाळा? भुलेश्वरहून आणलंय.”

मागे बसलेलं कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजर नाही हसला. त्याने मला समजावलं, हळूहळू, एक एक शब्द सुटा करून, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. पावडर आत गेली, ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, आता दुरुस्ती पैसे भरून. मी म्हटलं, कुंकू जाळीत गेलं, मान्य. ते मी लावलं, नाही म्हणत नाही. पण जाळी कानाची. ऐकायला तर मला खणखणीत येतंय. काळी पडतेय ती काच. कानात मळ झाला म्हणून डोळे जातात का? आणि पर्समधला पहिला कागद काढून त्याच्यासमोर पसरला. हे बघ, नवरात्रातला. तेव्हाही हेच दुखणं. तेव्हा कुंकू नव्हतं.

त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, ती केस वेगळी होती आजी, ती सॉफ्टवेअरची होती. तुम्हाला नाही कळणार ते.

हे “तुम्हाला नाही कळणार” मी जन्मभर ऐकलंय. रेशनच्या दुकानात ऐकलंय, मुलाच्या शाळेत ऐकलंय, गिरणीचे पैसे मिळायचे होते तेव्हा तर रांगेत उभं राहून ऐकलंय. दरवेळी मान खाली घालून परत आलेय असंही नाही, पण त्या दिवशी माझी मान आपोआप वर झाली. आणि वर झाली म्हणून मला दिसलं. त्यांच्या दारावर झेंडूचं तोरण होतं, वाळलेलं, दसऱ्याचं. आणि ज्या कॉम्प्युटरवर तो मला माझं कुंकू मोठं करून दाखवत होता, त्याच्याच कडेला बोटाने काढलेलं स्वस्तिक होतं. लाल. ताजं.

मी त्याच्यावर बोट ठेवलं. “याची वॉरंटी गेली का रे?”

आता मात्र सगळी खुर्च्यांची रांग हसली. काउंटरवरच्या मुलीने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते तिचे. मॅनेजर लालबुंद झाला. पण हसण्याने कोणाचा फोन दुरुस्त झालाय? त्याने माझा फोन तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला आणि कागदावर लिहिलं, वॉरंटी लागू नाही. मी खाली उतरले तेव्हा लोक अजून हसत असतील, पण माझे डोळे भरले होते. जिन्यात बघायला कोणी नव्हतं म्हणून सांगते.

संध्याकाळी मुलाने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट नाही हो, थकलेला असतो. म्हणाला, “जाऊ दे ना आई. त्या लोकांशी कोण डोकं लावणार? माझा जुना पडलाय कपाटात, तो वापर.”

मी उठले. आत गेले, भांडी घासायला घेतली. सून मागून आली आणि हळूच म्हणाली, आई, पातेल्याची काय चूक?

माझा जीव कशात अडकला होता ते त्या पातेल्यालाच माहीत. दुरुस्तीचे पैसे भरता आले असते. मुलाचा फोन वापरता आला असता. पण मग मी पुन्हा तिथेच, बहिणींच्या परकरांत. एवढ्या वर्षांनी एक वस्तू कोरी आली होती, आणि ती नासकी निघाली तर तिच्या बदल्यात मला कोरीच हवी होती. बास. एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्या मैत्रिणीकडे थांबले. ती गोराईची, पिढ्यान्‌पिढ्या मासळीचा धंदा, आणि गेली कित्येक वर्षं माझ्या शुक्रवारच्या घावण्यांसाठी बांगडे तीच काढून ठेवते. कोयत्याने सुरमईचे तुकडे करता करता तिने सगळं ऐकलं. गिऱ्हाइकाला पिशवी देऊन झाल्यावर माझ्याकडे वळली.

“अगो बाय, माझी सुरमई नरम निघाली म्हणून कोणी परत आणली, तर मी तिला इचारते का, तू हळद लावलीस म्हणून सडली? गपचूप दुसरी देते. आणि कालच्या पाटीतली नाय देत, आजची देते.”

हे बोलली आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली. तिला वाटलंही नसेल की काही मोठं बोलली म्हणून. मी मात्र तिथून सरळ घरी आले आणि सुनेचा फोन मागितला.

ग्राहकांसाठी सरकारची एक हेल्पलाइन आहे, हे मी कधीतरी बसच्या मागे वाचलं होतं. बरेच आकडे दाबावे लागले, मध्ये बासरी वाजत राहिली, पण शेवटी एक माणूस आला आणि मराठीत बोलला. मी त्याला कुंकवापासून सुरुवात केली. त्याने अडवलं नाही. मग त्याने विचारलं की तुम्हाला नक्की काय हवंय, दुरुस्ती, बदली की पैसे परत. मी म्हटलं, बदली, नवा. त्याने तसं नोंदवलं. आणि मी विचारत गेले तसं तो सांगत गेला. पहिली तक्रार वॉरंटीतली आहे आणि तिचा कागद आहे, तर तेच दुखणं परत आल्यावर कुंकवाने झालं असं नुसतं म्हणून चालणार नाही, कसं झालं ते त्यांनी लेखी द्यायला हवं. कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आपली आपण, वकील लागतोच असं नाही. मग मी माझ्या मैत्रिणीच्या पाटीचा प्रश्न विचारला. म्हटलं, दादा, बदलून देताना कालचा माल देतील का? तो हसला, पण उत्तर नीट दिलं. काही कंपन्यांच्या अटींत दुरुस्त केलेला फोन देता येतो असं लिहिलेलं असतं. पण मग तो दुरुस्त केलेला आहे हे तुम्हाला सांगून द्यायला हवा. जुनी वस्तू नवी म्हणून गळ्यात मारणं हे कायद्याने चुकीचं आहे, त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात.

अनुचित व्यापारी प्रथा. मी ते दोनदा म्हणून बघितलं. चांगले जड शब्द आहेत, पाट्यासारखे.

मधल्या दिवसांत फोन पिशवीतच राहिला. मुलाचा जुना मी घेतला नाही. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनकडे पाटी लावली की ऑर्डर घरी येऊन द्याव्यात, आणि सांगते, लोक आले. एक बाई तर आली ती तासभर बसली, सासूची गाऱ्हाणी सांगून गेली, वड्यांची ऑर्डर द्यायची विसरली.

मग एके दिवशी सुनेच्या फोनवर मेसेज आला की तुमची बदली मंजूर झाली आहे. मुलगा म्हणाला, जिंकलीस की गं आई. मीही तसंच समजले. साडी बदलून निघाले, आणि डब्यात चार घावणे घेतले. म्हटलं, त्या काउंटरवरच्या पोरीला देऊ.

मॅनेजर या वेळी स्वतः समोर आला. पाणी विचारलं. आणि माझ्यासमोर एक पांढरा डबा ठेवला. डब्यावर ना फोनचं चित्र, ना कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, नुसता एक स्टिकर. सील नव्हतं. मी तेवढ्यानेच सावध झाले. त्याने सही करायचा कागद आणि पेन पुढे केलं. मी म्हटलं, आधी बघते, मग सही. लुगडंसुद्धा घडी मोडल्याशिवाय घेत नाही मी.

फोन दिसायला तसाच होता. काच चकचकीत, पाठ चकचकीत. मी विचारलं, हा नवीन आहे?

“बिलकुल, आजी. ब्रँड न्यू.”

मग मी माझं सिमकार्ड घालायला ती छोटी पिन घेतली, कडेच्या भोकात दाबली, आणि सिमचा खण बाहेर आला. खणाच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटलं होतं. पिनेच्या टोकाने खरवडलं. टोकावर केशरी आलं, तेलकट. बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला.

शेंदूर.

आमच्या घरात वस्तूंना शेंदूर लावत नाहीत, हळद-कुंकूच. पण लावणारी घरं आहेत. तेलात कालवून मशीनला, गाडीला, तिजोरीला लावतात. कोणीतरी, कुठल्या तरी दसऱ्याला, किंवा घेतला त्याच दिवशी, हा फोन देवापुढे ठेवला होता. अगदी माझ्यासारखाच. आणि तो आता माझ्यापुढे नवीन म्हणून आला होता.

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्याच्याआधी, काय सांगू, मला ती बाई दिसली. बाईच असेल कशावरून म्हणाल, तर मला बाईच दिसली. तिनेही सील स्वतः फोडलं असेल. तिलाही या काउंटरवर तिचा शेंदूर मोठा करून दाखवला असेल. ती माझ्यासारखी भांडली की पैसे भरून मोकळी झाली, का फोन इथेच टाकून गेली, कोण जाणे.

मी बोट मॅनेजरसमोर धरलं. “हा नवीन आहे ना? मग हे फॉरेन मटेरियल कोणाचं?”

त्याने बोटाकडे बघितलं. म्हणाला, पॅकिंगमध्ये लागलं असेल. मी म्हटलं, पॅकिंगवाले शेंदूर लावून पॅक करतात का? मग म्हणाला, आजी, फोन एकदम परफेक्ट चालतो, चेक केलेला आहे, तुम्ही कशाला टेन्शन घेता.

मी त्याच्यावर ओरडले नाही. सहीचा कागद त्याच्याकडेच सरकवला, पेनही. म्हटलं, बाळा, मी सही करते. फक्त त्याच्याआधी तू इथे एक ओळ लिही, हा फोन नवीन आहे, याआधी कोणी वापरलेला नाही. आणि खाली तुझी सही कर.

तो म्हणाला, फॉरमॅटमध्ये तसं नसतं.

“तोंडात येतं ते हातात का येत नाही रे?”

त्याने पेन उचललं नाही. मी वाट बघितली. मग त्याने खरं काढलं. कंपनीच्या अटीत आहे की बदलीचा फोन त्याच कामाचा देता येतो, नवीनच पाहिजे असं नाही.

“मग तसं सांगायचं होतंस,” मी म्हटलं. “जुना म्हणून ठेवला असतास पुढे, तर घ्यायचा की नाही ते मी ठरवलं असतं. मला जुन्याचं वावडं नाही. जन्म गेला त्यात. मला खोट्याचं वावडं आहे.” आणि मग ते जड शब्द मी काढले, पाट्यासारखे, आणि काउंटरवर ठेवले. अनुचित व्यापारी प्रथा. “आणि एक सांग. शेंदूर लागलेला फोन जर परफेक्ट चालतो, तर माझा कुंकवाने बंद कसा पडला?”



मी पांढरा डबा तिथेच ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. म्हटलं, तुझ्या वरच्या साहेबाला फोन लाव, मला घाई नाही. तो आत गेला. बाहेर आला. परत आत गेला. मी माझा घावण्यांचा डबा उघडून एक घावणा खाल्ला, बाकीचे त्या काउंटरवरच्या मुलीला दिले. तिने इकडेतिकडे बघून घेतले. शेजारचा एक माणूस विचारायला लागला की मावशी, मलाही मागच्या महिन्यात असाच पांढरा डबा दिलाय, तो बघायचा कसा? त्याला सांगितलं की सिमचा खण काढ आणि बॅटरी किती टिकते ते बघ, जुनी असली तर वडा तेल सोडतो तशी चार्ज सोडते. मला यातलं फार कळतं असं नाही. पण बसल्या बसल्या तिथे तीन-चार जणांनी आपापले पांढरे डबे उघडले, आणि मॅनेजरला ते दिसलं.

शेवटी त्याने कागदावर लिहून दिलं की ग्राहकाने बदलीचा फोन वापरलेला असल्याचं सांगून नाकारला, सीलबंद नव्या फोनची मागणी केली. मी त्याची प्रत घेतली आणि हात हलवत घरी आले. जिन्यात या वेळी रडले नाही.

मुलाने तो कागद वाचला, दोनदा वाचला. त्याच्या आईने हे सगळं एकटीने, बसने जाऊन केलं, हे त्याला त्या कागदावरून कळलं असं दिसलं. रविवारी त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, बोल आई, मी टाइप करतो. ग्राहक आयोगाची तक्रार घरबसल्या करता येते म्हणे. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. मध्येच म्हणाला, आई, शेगडीचा नवरा वगैरे नको लिहूया. मी म्हटलं, मग काय लिहिणार, त्यातच सगळं आहे. सून चहा आणता आणता इतकी हसली की बशीत सांडला.

ती तक्रार आम्ही पाठवायच्या आधीच कंपनीतून फोन आला. कोणीतरी वरचे होते, बोलणं नरम. सीलबंद फोन येतोय, घेऊन जा.

गेले. मॅनेजर त्या दिवशी जेवायला गेला होता, असं सांगितलं. खरं असेल. काउंटरवरच्या मुलीने डबा पुढे केला. चित्रवाला, सीलवाला. तिच्या हातात कटर होतं, ते तिने बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आजी, तुम्हीच फोडा.” तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी फोडलं. डब्यावरचा तो लांबलचक नंबर आणि फोनमधला नंबर तिने मला मिळवून दाखवला, एक एक आकडा. मग मी सही केली.

सगळंच माझ्या मनासारखं झालं असं नाही. वॉरंटी ते जुन्या बिलाच्या तारखेपासूनच धरतात. फोन त्यांच्याकडे आणि पिशवीत पडून होता ते दिवस माझ्या वॉरंटीतून गेले, ते मला परत हवेत. तसं मी सहीच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, आणि त्याचं भांडण अजून चालू आहे. होऊ दे. मला भांडायला वेळ आहे, वडे तळता तळता फोन कानाला लावता येतो.

हा फोन अजून एकदाही काळा पडला नाही.

यंदाचा दसरा आला तेव्हा मी पाट मांडला. विळी, मिक्सर, घरघंटी, शेगडी, आणि मध्ये फोन. मुलगा दारात उभा होता, बूट घालत. म्हणाला, आई, निदान कव्हरवर लाव. मी कव्हर काढलं आणि बाजूला ठेवलं. आधी हळद, मग कुंकू, जिथे कपाळ असावं तिथेच. मग त्या शेंदूरवालीची आठवण झाली, म्हणून तिच्या नावाचं अजून एक बोट लावलं.

फोनला कुंकू सोसत नसेल, तर तसं डब्यावर लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, मराठीत लिहा, आणि पैसे घ्यायच्या आधी वाचून दाखवा. मग घ्यायचा की नाही ते आम्ही बघू. माझ्या पाटावर तो बसला, तर कुंकू लागणारच.